घोरपड पाळायची म्हणता?

“काका, घोरपड पाळता येते का हो?” दोस्तांनो, हा प्रश्न मला पुष्कळ मुलं विचारतात. तिला लागतं काय, ते आधी बघा!

राजवाडी होळीचं काठी गाव ठाऊक आहे ना? नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं. तिथल्या उतारावर मी एकदा घोरपड पाहिली. तापल्या दगडावर पोट टेकून स्वारी निवांत पडली होती. आळस नव्हे हं! बाहेरून ऊब मिळाल्याशिवाय तिला धड पळताही येत नाही, खाल्लेलं पचतही नाही. मग ऊन चढलं की सावली नाहीतर बीळ हवं. खायला भुंगेरे, अळ्या, खेकडे, उंदीर. दुभंगलेल्या जिभेनं वास घेत ते हुडकत हिंडायचं. अंडी घालायला बहुधा वारूळ उकरते, कारण आत ऊब नि ओल टिकते. पिल्लं निघायला कित्येक महिने! आणि वाढून लांबी पाच फुटांवरही जाते.

परदेशात आफ्रिकेतल्या घोरपडी पाळतात. त्यांना दिवे, खोल माती, मोठी थोरली पेटी, सगळं पुरवावं लागतं. तरी पुष्कळ दगावतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड वाघाच्याच पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत आहे. पकडली, पाळली की तुरुंग! तरी मांसासाठी, कातड्यासाठी तिला मारतातच. ‘हत्था जोडी’ नावाची मुळी विकतात ना, तो खरं तर नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो.

जखमी दिसली तर वनखात्याला कळवा. धडधाकट असेल तर वीसेक पावलं लांब बसा, हलू नका. थोड्या वेळानं ती तुम्हाला विसरेल आणि जीभ लपलपवत आपल्या कामाला लागेल.