दोन गावांचा रशीद

अल्जिअर्सहून पूर्वेकडे निघालेल्या मोटारीने तीनशे किलोमीटरचा पल्ला संपवत आणला, की डोंगर मागे पडतात आणि गव्हाची अफाट शेते सुरू होतात. हे सेतिफचे पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट उभे राहते, नाहीतर घनदाट जंगल. इथे मात्र हिवाळ्यात चक्क बर्फ पडते!

शहराच्या मध्यावर ‘ऐन फवारा’ नावाचे कारंजे आहे. खडकावर विसावलेली एक विवस्त्र स्त्री, अन् तिच्या पायथ्याशी खळाळणारे पाणी. फ्रेंच शिल्पकार फ्रान्सिस द सेंट विदाल याने १८९८ साली घडवलेला हा पुतळा. १९९७ मध्ये तो बॉम्बने उडवला गेला. गावाने तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. २०१७ मध्ये एकाने भर दिवसा छिन्नी-हातोडा घेऊन त्याचा चेहरा फोडला, तोही पुन्हा घडवला गेला. या कारंज्याचे पाणी प्यालेला माणूस सेतिफला परत येतोच, असे इथली माणसे मोठ्या खात्रीने सांगतात.

या गावात १२ ऑगस्ट १९३६ रोजी रशीद मेखलूफी जन्मला. फुटबॉलच्या मैदानावरचा हा जादूगार आघाडीचा खेळाडू. त्याला मात्र परत येण्यासाठी फार मोठे वळण घ्यावे लागले.

कारंज्याजवळून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचे नाव आहे ‘८ मे १९४५’. त्या दिवशी जर्मनीच्या शरणागतीचा आनंद सारे युरोप साजरा करत होते. सेतिफमध्येही मिरवणूक निघाली. तिच्यात कुणीतरी अल्जिरियाचा झेंडा उंचावला आणि पोलिसांनी गोळी झाडली. झेंडा धरणारा बूझीद साल हा तरुण जागीच कोसळला. मग दंगल उसळली, शंभरेक युरोपियन मारले गेले. त्यानंतर लष्कराने जो सूड घेतला, त्यात किती अल्जिरियन मेले याचा हिशेब आजही लागलेला नाही. फ्रेंच सरकारने हजाराच्या आसपास आकडा सांगितला, अल्जिरिया पंचेचाळीस हजार म्हणते. रशीद तेव्हा आठ वर्षांचा होता. ज्या रस्त्यांवर पोरे चेंडू लाथाडायची, त्याच रस्त्यांवर हे घडले.

१९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा मुलगा भूमध्य समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या सेंट एतिएनला खेळायला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्जिरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले.

सेंट एतिएन हे काही पर्यटकांचे लाडके शहर नव्हे. पॅरिसचा डौल इथे नाही, दक्षिण किनाऱ्याचे ऊनही नाही. कोळसा, बंदुका, सायकली आणि रेशमी रिबिनी यांवर हे गाव जगले. फ्रान्समधला पहिला लोहमार्ग १८२७ मध्ये इथूनच सुरू झाला, तोही कोळसा वाहण्यासाठी. १९७३ मध्ये बंद पडलेल्या कूरिओ खाणीत आता संग्रहालय आहे, आणि शेजारी खाणीतल्या दगडमातीचे दोन प्रचंड ढिगारे टेकड्यांसारखे उभे आहेत. फुटबॉलचे मैदान जोफ्रा गिशार या किराणा व्यापाऱ्याच्या नावाचे. त्याच्या ‘कॅसिनो’ दुकानांचा हिरवा रंग हाच क्लबचा रंग झाला. मैदानाला लोक ‘कढई’ म्हणतात. सामन्याच्या दिवशी तिथला गलका ऐकला की नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या कढईत सेतिफचे पोर बघता बघता मुरले. प्रशिक्षक जाँ स्नेला यांनी त्याला पारखले. १९५७ मध्ये क्लबने पहिल्यांदाच फ्रान्सचे विजेतेपद मिळवले आणि रशीद फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातही खेळू लागला. १९५८ ची विश्वचषक स्पर्धा तोंडावर होती.

तेवढ्यात एप्रिलमध्ये निरोप आला. स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला स्वतःचा फुटबॉल संघ हवा होता. फ्रान्समध्ये नाव कमावलेल्या अल्जिरियन खेळाडूंनी सगळे सोडून ट्युनिसला यावे! रशीद तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता, म्हणजे पळून जाणे हा सैन्यातून फरार होण्याचा गुन्हा. शिवाय सामन्यात डोक्याला मार लागून तो इस्पितळात पडला होता. त्याला न्यायला आलेल्यांत मुख्तार अरिबी आणि अब्दुल हमीद केरमाली होते. दोघेही खेळाडू आणि दोघेही सेतिफचेच. तिघा गाववाल्यांनी मोटारीने स्वित्झर्लंडची सीमा गाठली. चौकीवरच्या शिपायाने रशीदला ओळखले आणि हसून सोडून दिले, असे सांगतात. पळाल्याची बातमी अजून फुटली नव्हती! त्याच मोहिमेत निघालेला एक सहकारी मात्र इटलीच्या सीमेवर पकडला गेला.

ट्युनिसला जमलेल्या या संघाला ‘फिफा’ने कधीच मान्यता दिली नाही. पूर्व युरोप, चीन, व्हिएतनाम, इराक, जिथे बोलावणे येईल तिथे ते गेले. चार वर्षांत ऐंशीहून अधिक सामने खेळले आणि १९६१ मध्ये बेलग्रेडला युगोस्लाव्हियाचा ६-१ असा फडशा पाडला. ज्या देशाचा झेंडा ते नेत होते, तो देश अजून व्हायचा होता. तिकडे स्वीडनमध्ये फ्रान्सने विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला. जुस्त फाँतेन याने तेरा गोल केले, आणि तोही मोरोक्कोतल्या माराकेशचा! रशीद तिथे असता तर काय झाले असते, हा प्रश्न फ्रान्समध्ये पुढे कितीतरी वर्षे चघळला गेला. रशीदला विश्वचषकात खेळण्याची संधी पुन्हा कधीच मिळाली नाही.

१९६२ मध्ये अल्जिरिया स्वतंत्र झाला. काही काळ रशीद जिनिव्हाच्या सर्व्हेट क्लबकडून खेळला, कारण तिथे स्नेला होते. आणि मग सेंट एतिएनचे अध्यक्ष रोजे रोशे यांनी त्याला परत बोलावले.

हा निर्णय सोपा नव्हता. आठ वर्षांच्या युद्धात फ्रान्समधल्या गावोगावचे तरुण अल्जिरियात पाठवले गेले होते, कित्येक परतलेच नव्हते. सैन्यातून पळून शत्रूला मिळालेला माणूस पुन्हा हिरवा गणवेश घालणार? डिसेंबर १९६२ मध्ये रशीद मैदानात उतरला, तेव्हा एरवी उकळणारी ती कढई गप्प होती. ना टाळी, ना शिवी. मग पहिला चेंडू त्याच्याकडे आला. त्याने एकदोघांना चकवले, पास दिला आणि सारे मैदान टाळ्यांनी दणाणले. पुढे रशीद स्वतःच हा प्रसंग सांगत असे. खाणकामगारांच्या या गावात देशोदेशीची माणसे एकाच पाळण्यातून जमिनीखाली उतरत आली होती. त्यात अल्जिरियनही होते. माणसाला त्याच्या कामावरून जोखायची सवय या गावाला नसती, तर ती शांतता बहुधा इतक्या लवकर फुटली नसती.

क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. तो वर आला आणि १९६४, १९६७, १९६८ अशी तीन विजेतेपदे घेऊन गेला. १२ मे १९६८ रोजी पॅरिसजवळच्या कोलंब मैदानावर फ्रेंच चषकाचा अंतिम सामना होता. विद्यार्थ्यांच्या बंडाने राजधानी धगधगत होती. सेंट एतिएनने बोर्दोला २-१ ने हरवले, दोन्ही गोल रशीदचे. चषक दिला अध्यक्ष दगॉल यांनी. त्या क्षणी ते रशीदला काय म्हणाले, याच्या आख्यायिका आजही रंगवून सांगितल्या जातात. आख्यायिका सोडा, दहा वर्षांपूर्वीच्या त्या फरारी शिपायाशी फ्रान्सच्या अध्यक्षाने हस्तांदोलन केले, एवढेच काय कमी होते?

सेंट एतिएनसाठी त्याने दीडशेच्या आसपास गोल केले. क्लबच्या इतिहासात फक्त हर्वे रेव्हेली त्याच्या पुढे आहे. पुढे अल्जिरियाच्या राष्ट्रीय संघाचा तो अनेकदा प्रशिक्षक झाला. १९८२ मध्ये स्पेनमधल्या हिहॉन शहरात अल्जिरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून जगाला तोंडात बोट घालायला लावले. तेव्हा संघाची धुरा महिद्दीन खालेफ यांच्या जोडीने रशीदकडेच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

सेतिफच्या मैदानाचे नावही रस्त्याप्रमाणेच ‘८ मे १९४५’ आहे. काळ्या-पांढऱ्या गणवेशातला स्थानिक संघ इथे खेळतो. त्या रात्री मोटारीत रशीदसोबत असलेला केरमाली १९९० मध्ये अल्जिरियाला आफ्रिकेचा चषक मिळवून देणारा प्रशिक्षक ठरला. अरिबीची गोष्ट तर त्याहून नवलाची. त्याच्या हाताखाली या गावच्या संघाने १९८८ मध्ये आफ्रिकेतील विजेत्या क्लबांचा चषक जिंकला, आणि तेव्हा हा संघ स्वतःच्या देशात दुसऱ्या श्रेणीत खेळत होता.