फ्रान्सिस आणि फिरंगी

हजेरी घेतांना शिक्षकाच्या मुखांतून प्रतिदिनीं चाळीस-पन्नास नांवें जातात. परंतु त्यांपैकीं किती नांवांचा अर्थ त्याला ठाऊक असतो? आमच्या खानदेशांतील हजेरीपटावर प्रल्हाद, इब्राहीम, सुकलाल, योसेफ अशीं नांवें शेजारींशेजारीं नांदतात आणि त्याचें कोणाला नवल वाटत नाहीं. मात्र एखाद्या ख्रिस्ती मुलाचें नांव फ्रान्सिस असलें, कीं मधल्या सुटींत सोबती त्याला 'फिरंगी' म्हणून चिडवितात. मग तें मूल हिरमुसलें होऊन आपलें नांव परकें आहे कीं काय, असें विचारतें. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. ज्याला आपलें नांव परकें वाटूं लागलें, त्याला पुढें आपलें गांवही परकें वाटूं लागतें.

हें नांव मूळचें इटालियन असून त्याचा तिकडील उच्चार फ्रांचेस्को असा आहे. इटलीच्या उंब्रिया प्रांतांत असीसी नांवाचें डोंगरउतारावरील एक नगर आहे. तेथें ११८१ किंवा ११८२ सालीं पिएत्रो बर्नार्दोने ह्या कापडाच्या व्यापाऱ्यास पुत्र झाला. पिता त्या वेळीं व्यापारानिमित्त फ्रान्स देशीं गेला होता. बाप्तिस्म्याच्या वेळीं बाळाचें नांव जोव्हान्नी, म्हणजे आपला योहान, असें ठेविलें गेलें. पण परत आल्यावर पित्यानें मुलास फ्रांचेस्को म्हणावयास आरंभ केला, आणि तेंच रूढ झालें. त्याचा अर्थ 'फ्रान्सचा' किंवा 'फ्रेंच', इतकाच! त्यांत ना देवाचें नांव, ना कोणा सद्गुणाचें. हेंच नांव पोर्तुगिजांत फ्रान्सिस्को व इंग्रजींत फ्रान्सिस झालें.

आतां गंमत पाहा. फ्रान्स देशाला नांव मिळालें तें फ्रँक ह्या जर्मन वंशाच्या लोकांवरून. धर्मयुद्धांच्या काळीं पश्चिमेकडून आलेल्या सर्वच ख्रिस्ती लोकांना अरब लोक ह्या फ्रँकांच्याच नांवानें ओळखूं लागले. फारशींत त्याचें 'फरंगी' झालें आणि आपल्या भाषेंत 'फिरंगी'. पोर्तुगीज लोक आमच्या बखरींत फिरंगी झाले, व परदेशी पात्याची लांब सरळ तलवार 'फिरंग' झाली. म्हणजे फ्रान्सिस आणि फिरंगी हे शब्द एकाच मुळाचे. एक समुद्रमार्गें आला, दुसरा खुष्कीच्या वाटेनें. चिडविणाऱ्या पोरांनीं नकळत अचूक व्युत्पत्ति सांगितली! शब्दांचीं मुळें धुंडाळणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२६ सालीं ज्या धुळ्यांत देह ठेविला, तेथील विद्यार्थ्यांस ही गोष्ट विशेष रुचावी.

परंतु व्युत्पत्ति कळली म्हणजे नांवाचा अर्थ कळला, असें मात्र नव्हे. हें नांव असीसींतही 'फिरंगी'च होतें. त्या मुलानें मोठेपणीं पित्याचें धन, इतकेंच काय, अंगावरील वस्त्रेंही पित्यास परत केलीं, कुष्ठरोग्यांची सेवा केली, आणि सूर्य, चंद्र, वारा, पाणी ह्यांस भाऊबहीण म्हणून देवाचें एक स्तोत्र रचिलें. तें स्तोत्र त्यानें विद्वानांच्या लॅटिनींत न रचितां घरच्या उंब्रियन बोलींत रचिलें. इटालियन वाङ्मयाच्या अगदीं आरंभीच्या काव्यांत त्याची गणना होते. नांव फ्रेंच, पण वाणी मायबोलीची! १२२६ सालीं तो निवर्तला, आणि दोनच वर्षांनीं संतपदास पोहोंचला. पुढें त्याच्या पुण्याईनें हें नांव देशोदेशीं पसरलें. २०१३ सालीं प्रथमच एका पोपनेंही तें धारण केलें.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या प्रांताचेंच आहे. १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेऊन खानदेश जिंकिला आणि पुत्र दानियाल ह्याच्या सन्मानार्थ प्रांताचें नांव 'दानदेश' ठेविलें. दानियाल म्हणजे पवित्र शास्त्रांतील दानीएलच. नांव थोर, देणारा बादशहा, तरी तें टिकलें नाहीं. आज तें इतिहासाच्या पुस्तकांतच आढळतें. लोकांनीं तें आपलेंसें केलें नाहीं, आणि नुसत्या हुकुमानें नांव जिवंत राहत नाहीं.

मराठी ख्रिस्ती समाजानें दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तरी 'नारायण' हें नांव सोडिलें नाहीं, व त्याच नांवानें प्रभूचीं भजनें गाइलीं. तिकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत सिद्ध केलें. २०२० सालीं त्या वेळच्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीस कांहींनीं हरकत घेतली. त्या हरकतीला खरें उत्तर त्यांच्या मराठी ग्रंथांनीं आधींच दिलेलें होतें. २०२४ सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले, तेव्हां एका मराठी साहित्यिकालाच महाराष्ट्र मुकला.

जळगांव-धुळ्याकडील ख्रिस्ती आईबापांपुढें बाप्तिस्म्याच्या वेळीं नांवाचा प्रश्न उभा राहतोच: देशी ठेवावें, कीं शास्त्रांतलें, कीं संताचें? माझी विनंती एवढीच, कीं जें ठेवाल तें ठेवा, पण मूल कळतें झालें म्हणजे त्याला संध्याकाळीं जवळ बसवून तें नांव पूर्वीं कोणाचें होतें व त्यानें काय केलें, हें आपल्या बोलींत सांगा. मग त्याला कोणी फिरंगी म्हटलें, तरी तें रडणार नाहीं. उलट चिडविणाऱ्यालाच बोलावून असीसीची गोष्ट सांगूं लागेल.