पायपोस बुडापेस्टचा

धाकटा भाऊ चाकणच्या कारखान्यातून कामासाठी हंगेरीला गेला, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत आम्हांलाही चार दिवस बुडापेस्ट पाहायला मिळालं. थंडी हाडांत शिरणारी आणि दिवस एवढासा. चार वाजायच्या आत मगरिब! पिंपरीत त्या घटकेला असरची अजानही झालेली नसते.

1541 ते 1686 हे शहर उस्मानी तुर्कांकडे होतं. टेकडी चढून गुलबाबांच्या अष्टकोनी मजारीवर फातेहा पढले. तुर्क गेल्यावर इथे ख्रिस्ती प्रार्थनाघर झालं होतं. आज ती पुन्हा मजार आहे. डॅन्यूबकाठच्या जुन्या चर्चमध्ये मिहराबचा कोनाडा अजून जपलेला आहे. तुर्कांनी बांधलेल्या रुदाश हमामात लोक आजही घुमटाखाली गरम पाण्यात बसतात.

पण मला खरा ठेवा सापडला तो भावाच्या दारात. शेजारीणबाईंनी घरात घालायच्या सपाता पुढे केल्या आणि म्हणाल्या, ‘पापुच’. म्हणजे आपला पायपोस! फारसीतून तो मराठीत आला, आणि फारसीतूनच तुर्कीमार्गे हंगेरीत गेला. खिशाला तिथे ‘झेब’ म्हणतात. आपल्या उर्दूतली जेबच ती.

मी उर्दू शिकवते आणि मराठीही. ‘तुमची खरी भाषा कोणती?’ हे बऱ्याचदा ऐकावं लागतं. तुर्कांचं राज्य जाऊन सव्वातीनशे वर्षं उलटली, पण हंगेरीच्या माणसाने पापुच काढून फेकला नाही. तो त्याचाच झाला. मराठीनेही पायपोस असाच आपला केला. मग मी एकच भाषा का निवडायची?