बार, बारी आणि बांध



टोमॅटोची बांधणी आटोपली. बांबू, तार, सुतळी सगळं एकदाचं झालं. ड्रिपमधून खत चालू आहे आणि नागअळी थोडी दिसतेय, पण आटोक्यात आहे. पिकाची नोंद एवढीच. आजची बाकीची नोंद करमणुकीची आहे, आणि ती हिशोबासकट लिहितोय, कारण गावात बातमी पसरलीय की हा गडी शनिवारी बारमध्ये जाऊन गातो.

खरंय, गातो. महिन्यातून एखाद्या शनिवारी.

आता 'बार' म्हटलं की घरच्यांच्या भुवया वर जातात, म्हणून आधी जागा सांगतो. नारायणगावच्या बाजूला हायवेलगत एक साधं हॉटेल आहे. पुढं परमिट रूम, मागं फॅमिली सेक्शन. शनिवारी रात्री आठनंतर मागच्या हॉलमधली चार टेबलं भिंतीला सरकवतात. भिंतीवर टीव्ही, दोन स्पीकर, एक लॅपटॉप, दोन माईक. बस, एवढाच कराओके. चालवणारा पोरगा दिवसा मोबाईल दुरुस्तीचं दुकान बघतो. चिठ्ठीवर नाव आणि गाणं लिहून त्याच्याकडं द्यायचं आणि नंबर येईपर्यंत बसायचं. प्रवेश माणशी 100 रुपये, ते जेवणाच्या बिलातून वजा होतात.

मागच्या शनिवारी आम्ही चौघं गेलो. मसाला पापड, शेंगदाणे, अंडाबुर्जी, शेवभाजी, भाकरी, दोघांची बिअर. मी पिकअप चालवणार होतो म्हणून मला लिंबू सोडा. बिल झालं 1,120 रुपये, माणशी 280. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना येते. म्हणजे एका गोणीच्या पैशात पोटभर जेवण आणि तीन तास डोक्याला सुट्टी. यापेक्षा स्वस्त औषध मला तरी दुकानात मिळालेलं नाही.

तिथं येतं कोण? मार्केटातल्या गाळ्यावरचा मुनीम, एक रिटायर गुरुजी, नर्सताई आणि त्यांचे मिस्टर, रोपवाटिकेतली दोन पोरं, पिकअपवाले. गुरुजी मुकेशचीच गाणी म्हणतात. पिकअपवाले दादा कोंडक्यांची. नर्सताई माईक हातात घेतात तेव्हा आचारीसुद्धा दारात येऊन उभा राहतो. बाकी आम्ही सगळे जेमतेम.

या यंत्राची गोष्ट मजेशीर आहे. जपानमध्ये कोबे नावाचं शहर आहे. तिथं दाइसुके इनोऊए नावाचा माणूस बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीला जायचं होतं आणि त्याला साथीला हाच माणूस पाहिजे होता. इनोऊएला जाता येईना. मग त्यानं त्या मालकाच्या गळ्याला झेपेल अशा बेतानं साथीची टेप भरून दिली. मालक खूश. त्यातून 1971 साली त्यानं नाणं टाकून चालणारं यंत्र केलं. पहिली 11 यंत्रं बनवली आणि बारवाल्यांना भाड्यानं दिली. पेटंट मात्र घेतलं नाही. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्रा या शब्दाचा जपानी तुकडा. थोडक्यात, गायकाची जागा रिकामी ठेवलेली साथ. पुढं 1980 च्या दशकात ओकायामा भागात भाताच्या शेतात एक जुना मालडबा ठेवून त्यात गाण्याची खोली केली, आणि तिथून 'कराओके बॉक्स' सुरू झाला असं सांगतात. भातखाचरात उगवलेली गोष्ट आहे म्हणून मला जरा जास्तच जवळची वाटते.

यातली त्या मालकाची टेप माझ्या डोक्यात बसलीय. गाणाऱ्याचा गळा जेवढा, तेवढी साथ खाली आणायची. आमचा लॅपटॉपवाला पोरगा तेच करतो. आपण वरच्या सुराला फाटायला लागलो की हळूच विचारतो, "काका, दोन पट्टी खाली घेऊ का?" घे बाबा. आणि तेच गाणं आपल्या आवाक्यात येतं. शेतकऱ्यासाठी कोण काय खाली घेतं हो? बाजार घेत नाही, पाऊस घेत नाही. जुलै 2023 मध्ये टोमॅटोचं 20 किलोचं क्रेट दोन हजाराच्या वर गेलं होतं, आणि बाकी किती तरी वेळा तोडणीची मजुरीही निघाली नाही. जे असेल ते आपणच झेलायचं. म्हणून ते "दोन पट्टी खाली घेऊ का" ऐकलं की बरं वाटतं.

आमच्या भागाला गाणं नवीन नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. चैत्र जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. पण तमाशात गाणारे फडावर आणि आपण खाली. भजनात सगळे गातात खरं, पण तिथंही कुणी पुढं बसायचं आणि कुणी मागं ओढायचं हे ठरलेलं. कराओकेत फक्त बारी असते. मघाशी जो ऐकत होता तो आता गातो, गाऊन झालं की खाली बसून दुसऱ्याचं ऐकतो. सात-बारा कितीचा आहे हे कुणी विचारत नाही.

एरवी आम्ही गातो ते रानात, रात्री. आठवडाभर रात्रीची लाईट असली की बारा-एकला मोटर चालू करायला जावं लागतं. जुन्नरकडं बिबट्याची भीती असते, म्हणून माणसं मोबाईलवर गाणी लावतात, नाहीतर स्वतःच मोठ्यानं म्हणतात. दिवसा लाईट द्या ही आमची जुनी मागणी त्याच्यासाठीच आहे. भीतीपोटी गाणं आणि हौसेनं गाणं यातला फरक ज्यानं रात्री पाणी दिलंय त्याला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. ती लिहावी की नाही असं दोन दिवस घोळत होतं.

माझा एक चुलतभाऊ आहे. आमचं बांधावरनं बिनसलंय, चार वर्षं झाली. लग्नात समोर आला तरी दोघंही वेगवेगळ्या पंगतीला बसतो. मोजणीचा अर्ज दिलेला आहे, तारीख यायचीय. मागच्या शनिवारी मी चिठ्ठी देऊन बसलो आणि बघतो तर कोपऱ्यातल्या टेबलावर तो, त्याच्या मेव्हण्याबरोबर. उठून जावं असं आधी मनात आलं. पण शेवभाजी सांगितलेली होती आणि बरोबरच्या तिघांची संध्याकाळ कशाला घालवायची?

माझा नंबर आला. किशोरकुमारचं म्हटलं, दोन पट्टी खाली. टाळ्या पडल्या, त्या सगळ्यांनाच पडतात. पोरानं पुढची चिठ्ठी वाचली तर नाव चुलतभावाचं. दुसरा माईक तेवढा वेळ बंद पडलेला. म्हणजे माझ्या हातातला माईक त्याच्या हातात जाणार, दुसरा रस्ता नाही.

दिला. त्यानं घेतला. बोललो काही नाही. त्यानं लहानपणी आम्ही दोघं गणपतीत म्हणायचो ते गाणं लावलं होतं. मुद्दाम लावलं की सहज, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या कडव्याला त्याचा श्वास पुरेना. तो आधीपासून तिथंच अडकतो. हॉलमधल्या पाच-सहा जणांनी ती ओळ उचलून धरली, त्यात मीही होतो. एवढंच. नंतर तो त्याच्या टेबलावर गेला, मी माझ्या.

बांध आहे तिथंच आहे. मोजणी व्हायची ती होईल आणि खुणा पडतील तिथं दगड बसतील. मिटलं असं मी म्हणणार नाही. फक्त सोमवारी सकाळी तो बांधापलीकडं फवारत होता. वारा माझ्या कोथिंबिरीकडं होता, आणि त्यानं पंप बंद करून वारा पडायची वाट बघितली. मी ते बघितलं हे त्यानंही बघितलं.

इनोऊएला 2004 साली इग नोबेल मिळालं, शांततेचं. लोकांना हसवून मग विचार करायला लावणारं ते बक्षीस. कराओकेमुळं माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत मिळाली, अशा अर्थाचं कारण त्यांनी दिलं होतं. पूर्वी वाचलं तेव्हा नुसतं हसलो होतो.

कुणाला जायचं असेल तर चार सूचना. साडेआठच्या आत चिठ्ठी द्या, नंतर नंबर अकराला लागतो. घरच्यांना घेऊन जा, फॅमिली सेक्शन खरंच फॅमिलीचा आहे. गाडी चालवणाऱ्यानं सोडाच प्यायचा. आणि दुसऱ्याचं गाणं चालू असताना मोबाईलवर बाजारभाव बघायचे नाहीत, तो माणूस त्या तीन मिनिटांसाठी आठवडाभर थांबलेला असतो.

येत्या शनिवारी आमच्याकडं रात्रीची लाईट आहे, त्यामुळं जमणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी चिठ्ठी टाकणार आहे. तोवर नागअळीचं बघतो.