हवा आणि पेट्रोल

पेट्रोल जळते हे सर्वांना ठाऊक असते. पण नुसत्या पेट्रोलवर मोटार चालत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा लागते. हवा कमी पडली की गाडी काळा धूर ओकते, जास्त झाली की धापा टाकते. हा संसार बेताने चालविणारे यंत्र म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने धावते, तेथला दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल फवाऱ्यासारखे वर ओढले जाते. १८९३ साली बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या दोघांनी या युक्तीचे पेटंट घेतले. पुढची शंभर वर्षे बहुतेक मोटारी याच युक्तीवर श्वास घेत होत्या.

आमचे जाम हे रस्त्यावरचे गाव. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गाला येथे चंद्रपूरचा फाटा फुटतो. यंदा माझ्या मेहुण्यांची प्रीमियर पद्मिनी येथे येऊन रुसली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या या गाड्या बनायच्या थांबूनही दोन तपे उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. ही गाडी सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. ती भंगारात घालावी की ठेवावी, याचा निकाल आता मिस्त्रींच्या हाती होता.

साठी उलटलेल्या मिस्त्रींनी झडपेचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. वयोमानाने भोक झिजून दांडा खुळखुळत होता. तेथून चोरटी हवा आत शिरे. नुसते जेट साफ करून भागणार नव्हते. नागपूरहून नवा कार्ब्युरेटर आला. पेट्रोलची नळी, चोकची तार सुटली, दोन नट निघाले. उघड्या तोंडात फडके कोंबले, कारण आत एक वायसर पडला तरी इंजिन उघडावे लागते. नवे गॅस्केट बसले. तासाभरात काम आटोपलेसे वाटले.

मिस्त्री हसले. म्हणाले, "गुरुजी, नवा बसवनं सोपं हाय, इंजनाले त्याची सवय लावनं कठीन."

इंजिन गरम होऊ दिले. मग त्यांनी हाताखालच्या पोराला पेचकस दिला. "डोये मिट. कान लाव." पोराने स्क्रू हळूहळू आत फिरविला; इंजिन अडखळले. मग बाहेर, अर्धा आटा, पाव आटा... आणि एका जागी तो थबकला. आवाज सरळ झाला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. मेहुण्यांनी मात्र भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

नव्या गाड्यांत हे माप संगणक धरतो, आणि अधिक चोख धरतो. त्याची खंत करण्याचे कारण नाही. परंतु ऐकून दोष ओळखण्याची विद्या कार्ब्युरेटरबरोबर जाऊ नये. वर्गात चाळीस मुले एका सुरात "समजले, सर" म्हणतात, तेव्हा त्यातला न समजलेला एक आवाज मला रोज असाच शोधावा लागतो.