विषय क्रमांक २७

मराठीच्या प्राध्यापकाला कॉलनीत एकच काम असते, ते म्हणजे अर्ज लिहिणे. कोणाच्या मुलाच्या बदलीचा, कोणाच्या नळाच्या जोडणीचा. गणेशोत्सवाचा अहवाल तर वर्षानुवर्षे माझ्याच हातचा. त्यामुळे गेल्या वर्षी एका संध्याकाळी चारपाच मंडळी घरी आली, चहा झाला आणि एकाने खिशातून कोरा कागद काढला, तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही.

प्रकरण असे होते. आमच्या रस्त्याच्या टोकाला पालिकेची मोकळी जागा आहे. मागच्या वस्तीसाठी तिथे सार्वजनिक स्वच्छतागृह बांधायचे घाटत होते. मंडळींचा स्वच्छतागृहाला विरोध नव्हता बरे का! विरोध होता तो फक्त जागेला.

मी अर्ज लिहिला, आणि कबूल केले पाहिजे, चांगला लिहिला. 'परिसराचे सौंदर्य', 'आबालवृद्धांची सायंकालीन विश्रांती', 'समुचित पर्यायी स्थळ'. 'समुचित' या शब्दावर तर मी स्वतःच खूश होतो. त्रेपन्न सह्या झाल्या.

पालिकेची सर्वसाधारण सभा मी तोपर्यंत पाहिली नव्हती. त्या दिवशी गॅलरीत जाऊन बसलो. सभा अकराची, गणपूर्ती व्हायला बारा वाजले. आधी दुखवट्याचा ठराव झाला, सगळे दोन मिनिटे उभे राहिले. मग एका चौकाला कोणाचे नाव द्यावे यावर पाऊण तास असा काही रंगला की मीसुद्धा घड्याळाकडे पाहायचे विसरलो. त्यानंतर मात्र नगरसचिव भराभर आकडे वाचू लागले. 'विषय एकोणीस.' 'मंजूर.' 'वीस.' 'मंजूर.' 'एकवीस.' 'पुढील सभेत.' कुठल्या आकड्यामागे गटार होते, कुठल्या आकड्यामागे दिव्याचे खांब, हे विषयपत्रिका हाती असलेल्यालाच कळावे. आमचा विषय आला आणि अर्ध्या मिनिटात गेलासुद्धा! पर्यायी जागा मिळेपर्यंत काम स्थगित. ठरावाची प्रत हाती आली तेव्हा पाहतो तो 'समुचित'सकट माझे अख्खे वाक्य तिच्यात उतरलेले. माझ्या कुठल्याही लेखाचा आजवर इतका परिणाम झाला नव्हता. मंडळींनी पेढे आणले.

त्यानंतर महिन्याभराने आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी तासभर उशिरा आल्या. अकरा वर्षांत त्यांना उशीर झाल्याचे मला आठवत नाही.

"रांग होती सर," त्या म्हणाल्या.

"कसली रांग?"

मावशी क्षणभर थांबल्या. "जुन्यातली दोनच धड राहिलीत. पोरींना तर अंधारात रुळापलीकडं जावं लागतं. इथं कोपऱ्यावर नवं होणार होतं, पण कुणीतरी अर्ज दिला म्हणे." आणि भांड्यांकडे वळता वळता, "कुणी दिला असंल हो?"

स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उघडले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात वर्गात जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' चालू होता. पुस्तकाबरोबर माणूस सांगावा लागतो. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारायला हजार रुपये खर्चावेत, असे सभेच्या मनात आले. विरोधात एकटे जोतीराव! मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा ओतण्यालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. मंडई १८८६ मध्ये उभी राहिलीच, आणि पुढे तिला नाव दिले गेले ते त्यांचेच. नगरपालिकांना विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो? ही गंमत मी दरवर्षी सांगतो आणि मुले दरवर्षी हसतात. मग ओघात १८६८ चा हौद आला. घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला तो. तिथे माझी जीभ अडखळली. घरची वस्तू राहू द्या, मी पालिकेची जागा अडवून बसलो होतो, आणि तीही सुरेख मराठीत.

रात्री दुसरा अर्ज लिहिला. चार ओळींचा. विशेषण एकही नाही. सह्यांसाठी त्याच त्रेपन्न दारांवर गेलो, सहा मिळाल्या. पेढे आणणाऱ्या गृहस्थांनी चहादेखील विचारला नाही. त्यांचा राग मला समजतो. त्यांच्या खिडकीखालचीच ती जागा आहे. वस्तीतल्या सह्या आणि अंगठे मावशींनी जमवले, शंभरावर. कागद माझा आहे हे तेव्हा मी त्यांना सांगितले. पहिलाही माझाच होता हे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस फक्त भांड्यांचा आवाज जरा जास्त होता.

मंजूर झालेला ठराव फिरवायला नव्याने सूचक लागतो, अनुमोदक लागतो. तेही मिळाले, आणि आमचा विषय २७ व्या क्रमांकावर लागला. पहिल्या सभेत दुखवट्यानंतर कामकाज तहकूब. दुसऱ्या वेळी विषय सव्वीसपर्यंत आले आणि गणपूर्तीच मोडली.

आता सभेच्या दुसऱ्या दिवशी मावशी पायरीवर चपला काढतानाच विचारतात, "सर, सत्तावीस लागला का?"

मी पुढची तारीख सांगतो. त्या पदर खोचून मोरीकडे जातात.