गाडीच्या पोटातलं तेल

मैत्रिणींनो, तळणाचं तेल खराब झालं हे ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? नाही ना! रंग पाहिला, वास घेतला, चमच्यानं जरा वर उचलून धार सोडली की आपल्याला कळतं. कढईत पाण्याचा एक थेंब राहून गेला असला तर तेल तडतड उडून स्वतःच सांगतं. मग हीच नजर मोटारगाडीच्या तेलाला लावायला आपण एवढ्या का बिचकतो? 'ते पुरुषांचं काम' म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही तशीच होते. पण माझ्या दोन पाटल्या त्या गाडीत गेल्या आणि माझे डोळे उघडले.

आम्ही एटापल्लीला राहतो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला आमचा गडचिरोली जिल्हा, त्यातला हा जंगलाचा तालुका. आमचे हे आश्रमशाळेत शिक्षक. शाळा आत जंगलात, वाटेत तीन नाले. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. इकडे आलापल्लीच्या रस्त्याला सुरजागडच्या लोहखनिजाचे भले मोठे ट्रक. मोटरसायकलवरून येणं-जाणं करताना दोनदा पडून झालं, तेव्हा मीच म्हटलं, "अहो, आता चारचाकी घ्या. पाटल्या काय, पेटीत पडूनच असतात."

नवी गाडी परवडणारी नव्हती. नागपूरच्या एका हौशी गृहस्थांची २०१२ सालची जिप्सी मिळाली. ही गाडी मारुतीनं १९८५ साली काढली, आणि २०१९ पासून ती तुमच्या-आमच्यासारख्यांना नवी मिळेनाशी झाली. चारही चाकांना ओढ देता येते, म्हणून पोलिसांकडे, सैन्यात, ताडोब्याच्या जंगलात सगळीकडे तुम्ही ती पाहिली असेल. मोटारींच्या शर्यतींतही तिनं वर्षानुवर्षं नाव गाजवलं. आम्ही घेतली तीही तशीच शर्यतीसाठी तयार केलेली. रुंद टायर, उंच केलेले स्प्रिंग, आणि आवाज असा की गल्लीतली पोरं धावत यायची!

घेताना मी त्या गृहस्थांना विचारलं, "तेल-पाणी कधी बदललंय?"

"सगळं ऑइल नवंच टाकलंय, वहिनी. दोन वर्षं बघायचं काम नाही."

मी पुढं काही विचारणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनीच दटावलं. चारचौघांत बायकोनं गाडीची चौकशी करावी हे त्यांना बरं वाटलं नाही. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा पुढं मला फार राग आला.

मे महिन्यात मला मागून एक आवाज ऐकू यायला लागला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की 'घूंऽऽ' असा, जात्यात दाणे संपले की येतो तसा. दुसरा गिअर टाकताना खरखर व्हायची. अंगणात मागच्या चाकाच्या आत तेलाचा डाग पडायचा. मी म्हटलं की हे म्हणायचे, "जिप्सी म्हटली की आवाज येणारच." शेवटी एक दिवस माझी कटकट असह्य होऊन ते तावातावानं उठले. "थांब, मीच बदलतो ऑइल. मग तर झालं?"

आता जरा समजून घ्या हं. आपण सगळ्या 'गाडीचं ऑइल' म्हणतो ते इंजिनातलं. पण इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी जी यंत्रणा असते, तिचं तेल वेगळं. जिप्सीसारख्या गाडीत ते चार ठिकाणी असतं. एक गिअरबॉक्समध्ये, दुसरं पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, आणि पुढच्या व मागच्या आसाच्या मधोमध जे लोखंडी गोळे दिसतात त्यांत एकेक. सगळं मिळून पाच-सहा लिटर. त्या गोळ्याला म्हणतात डिफरन्शियल. त्याचं काम सोपं आहे. देवळात दोघी हात धरून प्रदक्षिणा घालताना आतल्या बाजूच्या बाईला थोडी पावलं पडतात आणि बाहेरच्या बाजूच्या बाईला जास्त. वळणावर चाकांचंही तसंच होतं. दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं चालू देणारे दाते त्या गोळ्यात असतात. ते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, जोरानं घासत सरकतात. मधे तेलाचा पदर आहे तोवर ठीक. पदर गेला की लोखंडाला लोखंड.

तर, ह्यांनी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचा खालचा नट खोलला. तेल भळाभळा घमेल्यात आलं. मग नवं भरायचा वरचा नट खोलायला गेले, तर तो गंजून घट्ट! पाना सटकला आणि नटाचे कोपरेच गोल झाले. जुनं तेल बाहेर, नवं आत जाईना, गाडी जागची हलेना. तीन दिवस आमची शर्यतीची गाडी अंगणात निमूट उभी, आणि सासूबाई येता-जाता विचारणार, "झालं का रे बाबा तुझं?"

चौथ्या दिवशी आलापल्लीहून मिस्त्री आले. वयस्क गृहस्थ. घमेलं पाहून हसले. "सर, पयले वरचा नट खोलाचा, मंग खालचा. वरचा नाही निंगला तर खालच्याले हातच नाही लावाचा!" मैत्रिणींनो, एवढं एकच वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तरी माझ्या लिहिण्याचं चीज झालं. कुठल्याही गाडीत, कुठल्याही गॅरेजात.

तोवर मी ते घमेलं उन्हात नेऊन पाहिलं होतं. काळपट तेलात सोन्याच्या वर्खासारखी चमक दिसत होती. क्षणभर वाटलं, माझ्या पाटल्याच विरघळल्या की काय! मिस्त्री म्हणाले, हे पितळ आहे, आतल्या पितळी कड्यांचं. गिअर बदलताना दात्यांना एका वेगात आणणाऱ्या त्या कड्या झिजल्या की दुसरा गिअर असा खरखरतो. मग त्यांनी डिकीतला जुना अर्धा डबा काढून दाखवला. त्यावर 'जीएल-५' लिहिलेलं. हे तेल डिफरन्शियलच्या दात्यांना चांगलं, कारण फार दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्यं त्यात जास्त असतात. पण हीच द्रव्यं पितळाला बाधू शकतात. म्हणून ज्या गिअरबॉक्सला 'जीएल-४' सांगितलंय तिथं तेच घालावं. आधीच्या मालकांनी बहुधा एकच तेल सगळीकडे ओतलं होतं. आपण नाही का, जिलबी आणि भजी एका तळणात काढत! डब्यावरचं अक्षर वाचा आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकाशी ताडून पाहा, एवढंच करायचं.

मग पाळी आली मागच्या गोळ्याची. मिस्त्रींनी वरचा नट खोलून आत काडी बुडवली आणि बाहेर काढली. तेल मधासारखं असायला हवं होतं. हे होतं दुधाळ, जास्त दूध पडलेल्या चहासारखं.

"पाणी," मिस्त्री म्हणाले.

"जुनं झालं की तेल असंच दिसत असेल," आमचे हे म्हणाले. सौदा फसला हे कबूल करायला जिवावर येत होतं, दुसरं काय!

मी आत गेले. टाकून द्यायला काढलेला जुना तवा चुलीवर तापवला. पाण्याचा थेंब नाचायला लागला तसा खाली उतरवून अंगणात आणला. आधी नव्या डब्यातल्या तेलाचा थेंब टाकला. पसरला, गप्प राहिला. मग त्या दुधाळ तेलाचा. चरचर, तडतड, बुडबुडे! मोहरीची फोडणी बसावी तशी. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी मात्र मान डोलावली. "वहिनी, तुमाले कोनं शिकवलं जी हे?"

कुणी शिकवावं! रोजच तर करतो आपण.

पाणी आत शिरलं कसं, तेही त्यांनी दाखवलं. गाडी धावली की तो गोळा तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वर एक छोटी नळी असते. तापलेला गोळा एकदम नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि गोळा श्वास ओढल्यासारखं बाहेरचं आत खेचतो. नळी धड असली, तिचं तोंड पाण्याच्या वर असलं, तर हवा जाते. आमच्या गाडीची नळी शर्यतवाल्यांनी हौसेनं वरपर्यंत नेली होती खरी, पण खालीच उंदरानं कुरतडली होती. नाल्यात गेलं की सरळ पाणी आत! पाण्यानं तेलाचा पदर तुटतो, बेअरिंगला गंज धरतो. तोच तो 'घूंऽऽ'.

नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करडा लेप बसला होता. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून पाहिला. नुसता लेप असला तर चालतं, म्हणाले, ती रोजची झीज. पण दात्याचा तुकडा किंवा टोचणारी कपची लागली तर मात्र गोळा खोलावाच लागतो. आमच्या नशिबानं कपची नव्हती. एक बेअरिंग आणि सील बदलली. स्वस्तातलं तेल भरून गाडी थोडी फिरवली, ते काढून टाकलं, मग चांगलं भरलं. चारही ठिकाणचं तेल बदललं, नळी नवी बसवली. पाच हजारांच्या आत सगळं भागलं. आणखी एक पावसाळा तशीच चालवली असती तर आतले दाते गेले असते, आणि मग खर्चाला हिशोब राहिला नसता.

रात्री हे म्हणाले, "त्या दिवशी तू विचारत होतीस तेव्हा मी अडवायला नको होतं." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच ऑगस्टात, मुसळधार पावसाच्या रात्री सासूबाईंना दम्याचा जोराचा झटका आला. इथल्या ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू झाले, पण अहेरीला न्या म्हणाले. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. आम्ही आमच्याच गाडीनं निघालो. वाटेत एका ठेंगण्या पुलावरून पाणी चाललं होतं. ह्यांनी गाडी थांबवली. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, मग ती कितीही ताकदीची असो, हे आमचं ठरलेलं. पाणी ओसरेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास मी सासूबाईंची पाठ चोळत होते आणि मनातल्या मनात एकच पुटपुटत होते, आता ह्या गाडीनं दगा देऊ नये. तिनं दिला नाही. मागून एवढासाही आवाज आला नाही. पहाटे सासूबाईंचा श्वास लागी लागला, तेव्हा मी माझ्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि पाटल्यांचं वाईट वाटणं तिथंच संपलं.

आता तुमच्यासाठी थोडं. जुनी गाडी घेताना 'ऑइल नवं आहे' ह्या शब्दावर जाऊ नका, नट खोलून दाखवायला सांगा. गाडी सपाट जागी उभी हवी. वरच्या भोकात बोट घातलं तर तेल भोकाच्या खालच्या काठाशी लागायला हवं. तेल काढायचं ते गाडी थोडी फिरवून, कोमट असताना, म्हणजे गाळही निघून येतो. तव्याची परीक्षा करायची तर दोन-तीन थेंबांनीच, उघड्यावर, विस्तवापासून दूर, तोंड लांब ठेवून. तवा धूर येईस्तोवर तापवायचा नाही, आणि तो पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही. तुमची साधी छोटी मोटार असेल तर बहुधा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, म्हणजे एकाच ठिकाणी पाहायचं. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर मात्र तिचं तेल अगदी वेगळं, तिथं घरी हात घालू नका.

निघालेलं काळं तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून गॅरेजवाल्यांच्या पिंपात द्या. हाताला लागलं तर साखर आणि गोडं तेल चोळून मग साबणानं धुवा. पेट्रोलनं नको. साडीवर डाग पडला तर आधी टाल्कम पावडर दाबून ठेवा, तेल शोषलं की भांड्यांचा साबण लावा.

पावसाळा संपला की आम्ही चारही नट खोलून पाहतो. दिवाळीची साफसफाई असते ना, त्यातलंच ते एक काम झालंय. मिस्त्री गाडीखाली शिरतात, हे विजेरी धरतात. आणि काडी बाहेर आली की माझ्याकडे न बघताच हाक येते, "अगं, तुझा तवा आण!"